लोरेनचं भांडं

दुपारी जेवून आडवं व्हायची सवय मला या देशात नोकरीनं लागू दिली नाही. आता निवृत्त झालोय, विचारणारं कुणी नाही, तर झोप येत नाही. तरी मी सोफ्यावर पडतो. बाहेर कुणीतरी वाळकी पानं उडवायचं यंत्र चालवतंय. त्याचा आवाज जवळ येतो, लांब जातो. जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं काचेचं भांडं मला इथून दिसतं, मग दिसत नाही, मग पुन्हा दिसतं. डोळे मिटत असताना माणसाला जे आठवायचं नसतं, तेच नेमकं आठवतं.

भांडं जाड काचेचं, चौकोनी, ओव्हनमध्ये ठेवायचं. तळाला चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत 'लोरेन'. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात ना, तसंच इथल्या बायका कुणाकडे काही पाठवताना तळाला नावाची पट्टी लावतात. हेतू एकच, भांडं घरी परत यावं.

लोरेन म्हणजे शेजारच्या वॉल्टरची बायको आणि माझ्या सुलभाची मैत्रीण. दोघींचं येणंजाणं स्वयंपाकघराच्या दारानं. "पुढच्या दारानं पाहुणे येतात, तू आपली मागून ये," असं लोरेननंच सांगितलेलं. कर्करोगानं लोरेन गेली. त्यानंतर वॉल्टर कुठले कुठले व्हिडिओ बघून ओव्हन लावायला शिकला आणि एक दिवस पीच घातलेला केक या भांड्यातून आमच्याकडे घेऊन आला. खाली करपलेला, वर कच्चा. सुलभानं त्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि तो गेल्यावर मला म्हणाली, बिचाऱ्यानं जीव ओतलाय, तुम्ही निमूट खावा.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. सुलभानं शिरा केला. भांडं गरम होतं म्हणून टॉवेलात गुंडाळलं, थंडी होती म्हणून शाल डोक्यावरून घेतली आणि नेहमीप्रमाणे मागच्या दारानं गेली. मैत्रीण गेली म्हणून तिचं दार परकं होतं, असं तिच्या डोक्यात कुठून येणार? वॉल्टरनं कानातली यंत्रं काढून बशीत ठेवली होती. लोरेन गेल्यावर एकट्याला भीती वाटते म्हणून घेतलेलं पिस्तूल ड्रॉवरमध्ये होतं. दार उघडलं. डोकं झाकलेलं कुणीतरी हातात काहीतरी गुंडाळलेलं घेऊन आत आलं.

वॉल्टरवर खटला झाला नाही. घरात शिरलेल्या माणसाची खरोखर भीती वाटली असेल, तर आमच्या राज्याचा कायदा गोळी माफ करतो. वॉल्टरला खरोखर भीती वाटली होती, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मलाही नाही. पोलिसांनी सुलभाच्या चपला, शाल आणि हे भांडं कागदी पिशवीत घालून मला आणून दिलं. तिच्या हातात होतं म्हणजे तिचंच असणार, असा त्यांचा हिशेब. भांडं आपटूनही फुटलं नव्हतं, एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडालाय. कडेला वाळलेला शिरा मीच नखानं काढला.

आता तो कायदा बदलायचं एक विधेयक आलंय. बंदूक घेणाऱ्याला आधी प्रशिक्षण हवं, घरात ती कुलपात हवी, आणि नुसती भीती वाटली एवढं कारण गोळी झाडायला पुरेसं धरू नये. उद्या राजधानीत त्याची सुनावणी आहे. विधेयकाच्या बाजूनं काम करणाऱ्या मिसेस ओर्तेगा सकाळी फोनवर म्हणाल्या, "भांडं घेऊन या. सगळ्यांसमोर उंच धरा. रिकामं भांडं. मग बोलायचीसुद्धा गरज पडणार नाही." बाई चांगल्या आहेत, त्यांचा स्वतःचा मुलगा शाळेतल्या गोळीबारात गेलाय. त्यांनीच सांगितलं, समोरच्या बाजूनं वॉल्टर येणार आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसानं घरात कशाच्या आधारावर राहायचं, ते सांगायला.

मी जाणार आहे की नाही, आणि गेलो तर ते भांडं चार लोकांत उंच धरणार आहे की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय.

पानांचं यंत्र थांबतं.

"जेवलासा का?"

सुलभा टेबलाशी बसलीय. भांडं उलटं करून तळाची पट्टी वाचतेय. चष्मा नेहमीसारखा कपाळावर.

"जेवलो."

"काय जेवलासा?"

"ब्रेड."

"त्याला जेवण म्हणत नाहीत." ती भांडं सरळ ठेवते. "मी मघाच आलो. तुम्ही घोरत होतासा."

कोल्हापूरच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. इथल्या मराठी मंडळात पुण्याच्या बायका तिला त्यावरून हसायच्या आणि ती मुद्दाम आणखी तसं बोलायची. तिचं ते 'मी आलो' ऐकतो. उठून तिच्याजवळ जावंसं वाटतं, पण उठलो तर ती नसेल असंही वाटतं, म्हणून मी तसाच पडून राहतो.

"भांडं दिलं नाहीसा अजून?" ती विचारते.

"कुणाला देऊ? त्याला?"

"मग काय मला देताय? साखर कुठाय?"

"अस्मितानं फेकली. माझी शुगर वाढली म्हणून. येऊन सगळी कपाटं धुंडाळून गेली तुझी लेक."

"गूळ?"

"गूळपण."

"बापाच्या घरात चिमूटभर साखर नाही ठेवली बयेनं," सुलभा म्हणते आणि पदर खोचते. "चला, आणू या."

मी उठतो. ती असते. फ्रीज आणि टेबलाच्या मधून आम्ही चालू लागतो आणि चालतच राहतो, कारण तिथून पुढे आमच्या गावचं मोठं दुकान सुरू झालेलं आहे. एका बाजूला दूध, अंडी. दुसऱ्या बाजूला मासे पकडायच्या काठ्या आणि त्यांच्या शेजारी बंदुका, छत्र्या टांगाव्यात तशा. लोक ढकलगाडीत दुधाचा डबा ठेवतात, एक बंदूक ठेवतात, कांदे ठेवतात. कुणी कुणाकडे बघत नाही. साखर मात्र काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप.

काउंटरवरची मुलगी किल्ली हातात धरून हसते. "साखर कशासाठी हवी, मॅडम?"

"शिऱ्याला."

"शिरा कोण खाणार?"

"शेजारी."

"त्यांना माहीत आहे का, तुम्ही येणार आहात ते?"

सुलभा माझ्याकडे बघते. "शिरा घेऊन जायला आता निरोप धाडायला लागतो होय?"

"दोन साक्षीदार लागतील," मुलगी म्हणते. "आणि थांबावं लागेल. चौकशी होईल. साखरेनं पुष्कळ माणसं मरतात, मॅडम."

"आणि हे?" सुलभा टांगलेल्या बंदुकांकडे बोट करते.

"ते घ्या की. पिशवी देऊ?"

मला हसू येतं आणि हसता हसता मी मागे बघतो. आमच्यामागे रांगेत वॉल्टर उभा आहे. निळी टोपी, वाकलेले खांदे. त्याच्या टोपलीत पीचचा डबा आणि पिस्तूल. त्या दिवसानंतर मी त्याला इतक्या जवळून पाहिलेलं नाही. आमची घरं एका कुंपणाची, पण तो बाहेर आला की मी पडदा ओढतो आणि मी बाहेर पडलो की तो गॅरेजचं दार खाली घेतो. आम्ही दोन म्हातारे लपाछपी खेळतोय.

"घर आवाज करतं, शशी," तो म्हणतो. "लोरेन होती तेव्हा करत नव्हतं."

मला ते आवाज माहीत आहेत. भिंतीतून गरम हवा सुटते तेव्हा पत्रा वाजतो. जिन्याची एक पायरी कुणी पाय न ठेवताही कुरकुरते. सुलभा होती तेव्हा मीही ते कधी ऐकले नव्हते. मला वॉल्टरची दया येते आणि त्या दयेचा मला इतका राग येतो, की ती टोपली त्याच्या हातातून हिसकावून जमिनीवर आपटावीशी वाटते. मी हात पुढे करतो. टोपली नाही, वॉल्टर नाही. माझ्या हाताखाली थंडगार दगड आहे.

रंकाळ्याचा कठडा. संध्याकाळ. सुलभा शेजारी पाय खाली सोडून बसलीय आणि कागदातून भेळ खातेय. लग्न ठरल्यावर तिच्या भावाला चुकवून आम्ही इथंच बसलो होतो. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस दिसायला हवा, तिथं आमच्या गल्लीतली घरं दिसतायत. सगळ्यांच्या अंगणात एकसारखं गवत.

जे विचारायचं ते मला आता विचारलं पाहिजे. एवढे दिवस भिंतींना विचारून झालंय.

"सुलभा, दुखलं का गं?"

ती भेळेतला कांदा बाजूला काढते. तिला कच्चा कांदा कधी आवडला नाही.

"शिरा सांडला," ती म्हणते. "लोरेनचा गालिचा सगळा तुपकट झाला."

"मी काय विचारतोय?"

"तेच सांगतोय की. माझ्या मनात तेवढंच आलं. चांगला मोकळा झालेला शिरा."

"घाबरलीस?"

"मी कशाला घाबरू? मला वाटलं, हा आता म्हणेल, ये, बस. घाबरला तो. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतंसा. अस्मिता लहानपणी झोपेत ओरडत उठायची ना, तसं." ती कागद चुरगळते. "हाक मारली असती तर बरं झालं असतं, असं म्हणू नका. मी मारली होती. त्यानं कान काढून ठेवलेले, त्याला मी काय करू?"

मी रडतो. स्वप्नात रडायला लाज वाटत नाही. ती मला रडू देते, मध्ये एकदा पदर पुढे करते. पदराला वेलचीचा वास आहे.

"उद्या काय बोलू गं मी?"

"फोटो कुठला नेताय?"

"मिसेस ओर्तेगांनी पासपोर्टचा मागितलाय. मोठा करून घेणार."

"त्यो?" ती दचकून उभी राहते. "त्यात मी चोरासारखी दिसतो! अस्मिताच्या लग्नातला द्या. तुम्हाला मेलं एवढंसुद्धा कळत नाही."

आम्ही कठड्यावरून उतरतो. घाटाच्या पायऱ्यांवर लांबलचक टेबल मांडलेलं आहे. टेबलामागे कोट घातलेली माणसं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. त्यांच्यातला एक जण कागद बघून माझं नाव पुकारतो. 'इंगवले' त्याच्या तोंडात जे काही होतं, ते ऐकून सुलभा पदर तोंडाला लावते. माझ्यापुढे छोटा दिवा लागतो, हिरवा. तो तांबडा झाला की गप्प बसायचं.

माझ्या हातात भांडं आहे. मी ते उंच धरतो. आडनावातलं एक अक्षर ज्यांना धड उच्चारता येत नाही, त्यांच्यासमोर मी हात वर करून उभा आहे, आणि भांडं जड होत चाललंय. पायऱ्यांवर बसलेले लोक मोबाइल काढून फोटो घेतात. दिवा पिवळा होतो. मला वाटलं होतं, मी भांडं दाखवलं की कुणीतरी काहीतरी म्हणेल. मान हलवेल. तेवढ्यासाठी तर मी येणार होतो. कोटवाला बाटलीतलं पाणी पितो.

सुलभा माझी बाही ओढते.

"खाली घ्या ते. रिकामं भांडं चार लोकांत मिरवतात का ओ?"

"रिकामं आहे तेच तर दाखवायचंय!"

"तुमचं हाय का भांडं?"

"तू नेत होतीस."

"मी परत करायला नेत होतो. लोरेनचं हाय ते, खाली नाव हाय तिचं. ती मला काय म्हणेल? माझं भांडं पोलिसात गेलं, आता कोर्टकचेरीत हिंडतंय."

"त्यानं तुला मारलं, सुलभा!" मी ओरडतो. एवढ्या मोठ्यानं मी जागेपणी कधी ओरडलो नाही. पायऱ्यांवरचे लोक उठून जाऊ लागतात, टेबल पाण्यात सरकत जातं. "आणि तू मला त्याचं भांडं पोचवायला सांगतेस? त्याला माफ करू मी?"

"माफ कोण करतंय?" ती म्हणते. "मी नाही केलेलं. मला अजून अस्मिताच्या पोरीचं बारसं करायचं होतं." तिचा आवाज फाटतो, पहिल्यांदाच. मग ती नाक पुसते. "भांडं परत करा, एवढंच म्हणतोय मी. उद्या जावा. बोला. त्या पिस्तुलाला कुलूप पाहिजे, म्हणून दणकून सांगा. नुसतं भ्या वाटलं म्हणून माणूस मारायचं असेल, तर या देशात कुणी कुणाकडं वाटी घेऊन जायला नको. हे सगळं सांगा. पण आधी त्याच्या तोंडावर सांगा, की बाबा रे, मी उद्या हे बोलणार हाय. लोकाची वस्तू घरात ठेवून त्याच्याविरुद्ध बोलायचं, हे आपल्यात नाही."

"आणि त्यानं पुन्हा ड्रॉवर उघडला तर?"

आम्ही वॉल्टरच्या मागच्या अंगणात उभे आहोत. पानांचा ढीग आहे. स्वयंपाकघराच्या दारावर लोरेननं टांगलेली कापडी कोंबडी अजून तशीच आहे. खिडकीतून टेबल दिसतं, टेबलावर बशी, बशीत दोन कर्णयंत्रं, सोललेल्या शेंगदाण्यांसारखी. सुलभा शाल डोक्यावरून घेते आणि दाराकडे निघते.

"तिकडून नको!" मी म्हणतो. आवाज फुटत नाही. "सुलभा, तिकडून नको गं!"

पाय उचलत नाहीत. ती दाराच्या मुठीवर हात ठेवून मागे वळते. चिडलेली नाही. परगावी निघालेल्या माणसाला सूचना द्याव्यात, तशी बोलते.

"तुम्ही पुढच्या दारानं जावा. मी गेलो तसं जाऊ नका. उजेड हाय तोवर जावा. घंटा वाजवा आणि दोन पावलं मागं सरा. भांड्यावर काही झाकू नका, हातात काय हाय ते दिसू दे. आणि मोठ्यानं नाव सांगा."

"आणि तू?"

"मला लोरेननं बोलावलंय," ती म्हणते, दार ढकलते आणि आत जाते.

मी कान झाकून घेतो. आवाज होत नाही. आतून चमच्यांची खणखण येते, दोन बायकांचं हसणं, मग तेही नाही. मग पानांचं यंत्र.

छत. आमचं छत. उन्हाचा पट्टा सोफ्यावरून खाली उतरून गालिच्यावर गेलाय. तोंड कोरडं, उशी ओली. यंत्रवाला आता आमच्याच घरापुढे आलाय. नेहमीप्रमाणे मी थोडा वेळ उठत नाही. उठलं की घर पुन्हा एकट्याचं होतं, आणि ते जितकं लांबवता येईल तितकं मी लांबवतो.

मग पाणी प्यायला टेबलापाशी येतो.

भांड्याच्या तळाला साखर आहे. फार नाही, तिची एक मूठ. मधोमध टाकलेली आणि बोटांनी पसरलेली, खालची 'लोरेन'ची पट्टी झाकली जाईल एवढी. मी दाणा उचलून जिभेवर ठेवतो. साखरच आहे. मी कपाटं उघडतो, एकूण एक. चहाच्या डब्यात चहा, दुसऱ्यात साखरेऐवजी घ्यायच्या माझ्या गोड गोळ्यांची बाटली, बाकी डाळी. साखर नाही. झोपेत चालत कुठे गेलो असेन म्हणून दार बघतो, तर साखळी आतून लावलेली.

मी इंजिनियर माणूस. एरवी मी याचा छडा लावत बसलो असतो. आज मी फोन उचलतो आणि मिसेस ओर्तेगांना सांगतो, की मी येतो, बोलतो, पण भांडं आणणार नाही. त्या विचारतात, का? मी म्हणतो, ते माझं नाही. त्या म्हणतात, फोटो तरी आणा. मी म्हणतो, आणतो, लग्नातला.

बूट घालतो. टॉवेल हातात घेतो आणि परत खुंटीला लावतो. दोन्ही हातांनी भांडं धरतो, उघडं. खिडकीतून बघतो, तर वॉल्टर गॅरेजचं दार खाली करून घरात जातोय. अजून लख्ख उजेड आहे. मी दाराकडे निघतो, आणि साखर भांड्याच्या एका कडेला सरकतेय.

दार उघडण्याआधी मी घसा साफ करतो आणि रिकाम्या घरात म्हणून बघतो, "वॉल्टर, मी शशिकांत. सुलभाचा नवरा. भांडं द्यायला आलोय."

आवाज चिरकतो. एवढ्यानं व्हायचं नाही. मी पुन्हा म्हणतो, आणखी मोठ्यानं.